लेझर गायरोची ब्रँच शोधू नका

बारावीचा निकाल लागला की भिलाईतल्या घराघरांत ब्रँचचा काथ्याकूट सुरू होतो आणि क्षेपणास्त्रांचे वेड असलेल्या मुलीला ‘मग एरोस्पेसच घे’ असे सांगितले जाते. दिशादर्शनापुरता तरी हा सल्ला अपुरा आहे. १५ नोव्हेंबर २०११ रोजी चाचणी झालेल्या अग्नी-४ मध्ये रिंग लेझर गायरोवर आधारलेली दिशादर्शन प्रणाली होती. त्या प्रकल्पाच्या संचालक टेसी थॉमस यांची पदवी त्रिशूरच्या सरकारी कॉलेजातली, इलेक्ट्रिकलची; क्षेपणास्त्रे त्या नंतर पुण्याच्या गिरिनगरातल्या संस्थेत शिकल्या, आजची डीआयएटी. एका ब्रँचचे हे काम नाही, हे लेझर गायरो हे उपकरणच सांगते. काचेच्या ठोकळ्यातल्या बंद वाटेवर लेझरचे दोन किरण एकमेकांविरुद्ध फिरतात. ठोकळा वळला की त्यांच्या वारंवारतेत फरक पडतो आणि त्यावरून वळण मोजता येते. बाहेरचा सिग्नल लागतच नाही, त्यामुळे तो जॅम करण्याचा प्रश्न नाही. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते. विमानातल्या गायरोची चूक मात्र तासाला ०.०१ अंशाच्या आसपास ठेवावी लागते. इथेच खरी मेख आहे. वळण फार मंद असले तर आरशांवरून विखुरलेल्या प्रकाशामुळे दोन्ही वारंवारता एकमेकींना चिकटतात आणि गायरोला वळण दिसेनासे होते. उपाय काय, तर अख्खा ठोकळा सतत बारीक थरथरवत ठेवायचा! लेझरचे दुखणे मेकॅनिकलवाल्याने सांभाळायचे, आरशाचा लेप भौतिकीवाल्याने, उष्णतेने न फुगणारी काच मटेरियल्सवाल्याने.

पालक विचारतील, अशा नोकऱ्या असतात किती? मोजक्याच, हैदराबादचे रिसर्च सेंटर इमारत आणि तिरुअनंतपुरमचे इस्रोचे जडत्व प्रणाली केंद्र ही त्यातली ठळक नावे. शिवाय फायबर-ऑप्टिक आणि चिपवरचे मेम्स गायरो या लेझर गायरोची जागा घेत आहेत. हा आक्षेप मला मान्य आहे, म्हणूनच फक्त गायरोवर डाव लावू नये. पण आरसे, निर्वात आणि कंपने हाताळणारा माणूस इंदूरच्या आरआरकॅट या लेझर आणि प्रवेगक संशोधन केंद्राला लागतो, हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळच्या लायगो-इंडिया या गुरुत्वीय लहरींच्या नियोजित वेधशाळेलाही लागेल. आयआयटी हुकली तरी गेटच्या गुणांवर डीआरडीओत शास्त्रज्ञपदाचा मार्ग आहे, डिप्लोमा आणि आयटीआयवाल्यांसाठी डीआरडीओच्याच सेप्टॅम विभागाची भरती असते. फिटर-मशिनिस्टच्या हातावर उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याच्या भिलाईने तरी हा दुसरा मार्ग कमी लेखू नये. प्रवेशाआधी ब्रोशरमधले पॅकेज वाचण्यापेक्षा कॉलेजात जाऊन विचारावे, की ऑप्टिक्सच्या प्रयोगशाळेत मुले स्वतः आरसे जुळवतात, की नुसती जर्नल उतरवतात.