राखेतील हक्क: गिरणगावच्या साहित्यातील स्मशान आणि भग्नावशेष

जुनी दफनभूमी किंवा पडकी वास्तू पाहताना तेथे गतकाळ अद्याप वावरत असल्याचा भास होणे, हा अनुभव साहित्याला नवा नाही. अठराव्या शतकातील इंग्रजी कवितेत तर स्मशानचिंतनाचा एक संप्रदायच निर्माण झाला. या अनुभवामागील एक अट मात्र सहसा नजरेआड होते: पाहणाऱ्याला त्या जागी काही काम नसते. तो थांबतो, चिंतन करतो आणि निघून जातो. मुंबईच्या मराठी कामगार-साहित्यात ही अट पाळली जात नाही. म्हणूनच त्यातील स्मशाने आणि बंद गिरण्या 'स्मरणरंजन' या सदरात टाकणे समीक्षेला सोयीचे असले, तरी योग्य नाही.

गिरगावालगतच्या जुन्या स्मशानपरिसराला सोनापूर म्हणत. मरणाच्या जागेला सोन्याचे नाव देणे हा भाषेचा सौम्य संकेत मानला, तर अण्णा भाऊ साठे यांची 'स्मशानातील सोनं' ही कथा त्या संकेताचा शब्दशः अर्थ घेते असे म्हणावे लागेल. कथेचे स्थळ गिरगाव नव्हे. ते उपनगराच्या कडेचे, दगडखाणीजवळचे आहे. खाण बंद पडल्यावर भीमा प्रेतांच्या राखेत सोने शोधू लागतो. पुढे कबर उकरताना त्याला कोल्ह्यांशी झुंजावे लागते. प्रेताच्या जबड्यात बोटे अडकतात आणि ती कायमची गमवावी लागतात. त्याच वेळी खाण पुन्हा सुरू झाल्याची वार्ता येते. येथे मृतांचा वावर जाणवत नाही असे नाही. पण तो जाणवतो दातांनी. भयकथेची सारी सामग्री हाताशी असून लेखकाने भीतीचे मूळ प्रेतात न ठेवता बेकारीत ठेवले आहे, हे या कथेचे खरे बळ होय.

परळ-लालबागचे भग्नावशेष याहून निराळे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला सुमारे अडीच लाख कामगारांचा संप औपचारिकरीत्या कधी मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या ओस पडल्या; जमीन मात्र महाग होत गेली. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने ती मालक, महापालिकेची मोकळी जागा आणि सार्वजनिक गृहनिर्माण यांत साधारण तिहाई वाटण्याचे सूत्र घातले होते. २००१ च्या दुरुस्तीने हे सूत्र केवळ मोकळ्या जमिनीपुरते उरले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती ग्राह्य धरली. उभ्या शेडखालची जमीन वाटणीतून सुटली. नंतर शेड पाडली तरी सुटलेलीच राहिली. अवशेषाकडे केवळ भावदृष्टीने पाहणाऱ्या वाचकाने हा तपशील ध्यानी ठेवावा.

जयंत पवारांच्या 'अधांतर' (१९९७) या नाटकात गिरणी रंगमंचावर येतच नाही. चाळीतील एका खोलीत, एका कुटुंबाच्या परस्परांशी होणाऱ्या झटापटीतून तिचे बंद असणे प्रेक्षकाला कळत राहते. भिंती न दाखवता भग्नता दाखवण्याची ही रीत मराठी नाटकात विरळा. त्यांच्या 'फिनिक्सच्या राखेतून उठला मोर' या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त (२०१२) संग्रहाचे नुसते शीर्षक पाहिले तरी पुरे. मिथकानुसार फिनिक्सच्या राखेतून फिनिक्सच उठावा. लोअर परळच्या फिनिक्स गिरणीच्या जागी मॉल उठला. धुराडे तेवढे शोभेसाठी राखले गेले. भीमाच्या हाती राखेतून निदान सोन्याचा कण तरी लागत होता.

याला एक अपवाद दादरला दिसतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांवर ७ डिसेंबर १९५६ रोजी जेथे अंत्यसंस्कार झाले, त्या चैत्यभूमीनजीकच इंदू मिल बंद अवस्थेत पडली होती. ६ डिसेंबर २०११ रोजी, महापरिनिर्वाणदिनी, आंबेडकरी कार्यकर्ते तिच्या आवारात शिरले आणि जागा स्मारकासाठी मागत तेथेच ठाण मांडून बसले.