ठासणीच्या बंदुकीपासून काडतुसापर्यंत

वऱ्हाडात रिसोडजवळ चिचांबा नावाचे गाव आहे. १८५९ साली तेथे रोहिल्यांची टोळी व हैदराबाद कंटिंजंटची फौज यांची चकमक झाली. त्या काळी या मुलखात ठासणीची बंदूक प्रचारात होती. तिच्या नळीच्या तोंडातून प्रथम दारू ओतीत, वर चिंधीचा बोळा घालून तो गजाने ठासीत. मग गोळी अथवा छर्रे घालून पुन्हा ठासीत. घाईगर्दीत भरलेल्या नळीत कोणी दुसरा बार भरला, तर नळी फुटून त्याचाच हात जाण्याचे भय असे. पावसात दारू भिजली, की बंदूक निरुपयोगी होई.

बंदूक मागून भरावी, ही कल्पना नवी नव्हती. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर आणलेल्या काही लहान तोफा मागूनच भरीत असत. परंतु मागील सांध्यातून तप्त वायू बाहेर पडे. त्यामुळे बाराचा जोर कमी होई व तोफ डागणारास इजा होण्याचा संभव असे. नळीचे मागचे दार उघडणे सोपे होते. ते घट्ट मिटणे अवघड होते.

हे कोडे काडतुसाने सोडविले. 'काडतूस' हा शब्दही मराठीत पोर्तुगीज भाषेतूनच आला आहे. पॉली नावाच्या स्विस कारागिराने १८१२ साली पॅरिस येथे मागून भरावयाच्या बंदुकीचे पेटंट घेतले. दारू, छर्रे व ठिणगी पाडणारा मसाला ही सर्व त्याने एकाच काडतुसात आणली आणि त्यास पितळी बूड बसविले. पुढे लफोशे या फ्रेंच कारागिराने बिजागरीवर उघडणाऱ्या नळीची बंदूक तयार केली. बार उडताच काडतुसाचे बूड वायूच्या दाबाने किंचित फुगे व सांधा बंद करी. ज्या वायूने कारागिरांना इतकी वर्षे सतावले, तोच आता त्यांच्या कामी आला.

१८५१ साली लंडनच्या प्रदर्शनात ही बंदूक मांडण्यात आली. तिच्यावर अनेकांचा विश्वास बसेना. म्हणून १८५८ साली 'फील्ड' या साप्ताहिकाने दोन्ही प्रकारांची जाहीर परीक्षा घेतली. माऱ्यात ठासणीची बंदूक थोडी सरस ठरली. परंतु काडतुसाची बंदूक झटपट व निर्धोकपणे भरता येई. हळूहळू तिच्यातील उणिवा दूर झाल्या व तीच रूढ झाली. आपल्या खेड्यापाड्यांत मात्र पिकांच्या राखणीसाठी ठासणीची बंदूक पुढेही पुष्कळ वर्षे टिकून राहिली.

कल्पना कितीही थोर असली, तरी तिच्यातील लहानशी उणीव दूर करणारा चिकाटीचा कारागीर भेटेपर्यंत ती अपुरीच राहते.

स्वाध्याय
१. ठासणीची बंदूक कशी भरीत? तिच्यात कोणते धोके होते?
२. काडतुसाच्या पितळी बुडाचे कार्य स्पष्ट करा.
३. १८५८ च्या परीक्षेत मागे पडूनही काडतुसाची बंदूक का रूढ झाली?