सुभक्तीची कसरत

आजचे वाचन : १ तीमथ्य ४:६-१०, दानीएल ६:१-१०



इफिसच्या मंडळीची जबाबदारी तरुण तीमथ्यावर होती. त्याला पौल सांगतो की सुभक्तीची कसरत कर. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात 'कसरत' हाच शब्द आहे. पौलाने वापरलेला ग्रीक शब्द आणि आपण रोज बोलतो तो 'जिम' हा शब्द एकाच मुळातून आलेले आहेत. शरीराच्या कसरतीला पौल नावं ठेवत नाही, तिचा थोडा उपयोग आहेच असं म्हणतो. पण सुभक्तीचा उपयोग या जीवनासाठीही आहे आणि येणाऱ्या जीवनासाठीही.

जिमचं काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे. जानेवारीत वर्षाचे पैसे भरायचे आणि फेब्रुवारीत जाणं बंद! आत्मिक जीवनातही तसंच होतं. उपवासकाळात रोज वचन वाचतो, ईस्टर झाला की पवित्र शास्त्र पुन्हा कपाटावर जातं. म्हणून आज तीन गोष्टींवर मनन करू या.

१. कसरत कशाची?

वचन वाचणं, त्यावर मनन करणं, प्रार्थना, उपास, दान, मंडळीची सहभागिता आणि देवापुढे शांत बसणं. यात नवीन काही नाही. प्रभू येशूने स्वतः हेच केलं. मार्क १:३२-३५ वाचा. आदल्या संध्याकाळी सगळं गाव दारात जमलं होतं, रात्रीपर्यंत आजारी माणसं येत होती. तरी दुसऱ्या दिवशी पहाटे अंधारातच उठून तो एकांतात प्रार्थनेला गेला. कामाचा भार होता म्हणून त्याने प्रार्थना सोडली नाही. जो देवाचा पुत्र, त्याला याची गरज वाटली. मग तुम्हांआम्हांला किती अधिक!

२. कृपेची किंमत म्हणून नव्हे

इथे एक धोका आहे. इतकं वाचलं, इतके उपास केले, आता देवाने माझं ऐकलंच पाहिजे, असा हिशोब मनात सुरू होतो. मत्तयाच्या सहाव्या अध्यायात प्रभू दान, प्रार्थना आणि उपास या तिन्हींविषयी बोलतो. या गोष्टी करू नका असं तो म्हणत नाही, तर माणसांना दाखवायला करू नका म्हणतो. करायच्या त्या पित्यासाठी.

आपल्या महाराष्ट्राच्या पंडिता रमाबाईंचं जीवन यासाठी पाहण्यासारखं आहे. लहानपणी त्यांची आई त्यांना पहाटे उठवून संस्कृत शिकवत असे. पाठांतराची, नेमाची सवय त्यांना तेव्हापासूनची. १८८३ साली इंग्लंडमध्ये वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण पुढे आपल्या साक्षीत त्यांनी प्रांजळपणे लिहिलं की त्या वेळी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता. तो मिळायला आणखी सुमारे आठ वर्षं गेली. विचार करा, विद्या होती, शिस्त होती, वचनाचा अभ्यास होता, तरी तारणाची शांती नव्हती. ती कृपेने मिळाली, विश्वासाने मिळाली.

मग कृपा मिळाल्यावर त्यांनी नेम सोडला का? उलट वाढवला! जानेवारी १९०५ मध्ये केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांनी रोज जमून प्रार्थना करण्यासाठी मुलींना आणि स्त्रियांना बोलावलं. सत्तर जणी पुढे आल्या. जूनच्या अखेरीस तिथे संजीवन सुरू झालं तेव्हा ही संख्या ५५० पर्यंत गेली होती. संजीवन सगळ्यांच्या लक्षात राहतं. त्याआधीचे ते पाच-सहा महिने, रोजचं ते जमणं, हे मात्र आपण विसरतो. त्या प्रार्थनेने आत्मा विकत आणला नाही. पण देव आला तेव्हा त्या जाग्या होत्या.

३. संकटाच्या आधी

दानीएल ६:१० मध्ये एक छोटीशी गोष्ट सांगितली आहे, ती चुकवू नका. राजाचा हुकूम निघाल्यावरही दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता, जसा पूर्वीही टेकत असे तसाच. सिंहांची गुहा समोर दिसली म्हणून त्याने प्रार्थना सुरू केली नाही. सवय आधीचीच होती, म्हणून त्या दिवशी ती टिकली.

सांताक्रूझच्या माणसाला हे वेगळं समजवायला नको. मिलन सबवेत पाणी भरल्यावर नालेसफाई करता येत नाही. ती मे महिन्यातच करावी लागते, ऊन असताना, कुणाला तिची आठवणही नसताना.

रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना समजेल अशा मराठीत सगळं पवित्र शास्त्र भाषांतरित करायला घेतलं. कित्येक वर्षं रोज थोडं थोडं असं ते काम चाललं. आणि जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा वारली. मिशनचं काम जिच्या हाती सोपवायचं, तीच गेली. आईचं काय झालं असेल! तब्येत खालावलेली, ऐकू येणं कमी झालेलं. तरी त्या पुन्हा वचनाजवळ बसल्या. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेलं होतं. इतक्या दुःखात नवीन शिस्त लावून घेण्याचं बळ कुणातच नसतं. वर्षानुवर्षांच्या नेमाने त्यांना धरून ठेवलं, आणि त्या नेमामागे धरणारा प्रभूच होता (फिलिप्पै २:१३).

आपण काय करू शकतो?

• वेळ आणि जागा ठरवा. घर एका खोलीचं असेल तर सगळे उठण्याआधीची दहा मिनिटं पुरेत. पाणी भरायला उठताच ना, त्याला जोडूनच बसा.
• थोडं वाचा, पण क्रमाने. आज स्तोत्र, उद्या प्रकटीकरण असं नको. मार्काचं शुभवर्तमान घ्या, रोज दहा-बारा वचनं.
• लोकलमध्ये सकाळचं एक वचन मनात घोळवा. फास्ट गाडी सांताक्रूझला थांबत नाही, आपली स्लोच. आत्मिक वाढही स्लो गाडीसारखीच, प्रत्येक स्टेशन घेत जाते.
• आठवड्यातून एक जेवण सोडा आणि त्याचे पैसे गरजवंताला द्या. गाजावाजा नको.
• एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करू नका. शिक्षा नाही, पिता आहे. पुन्हा बसा, इतकंच.

आणि कधी कधी काहीच वाटणार नाही. शब्द कोरडे, मन दुसरीकडे. त्या दिवशीही बसा. मे महिन्याचे दिवस असेच असतात.

मननासाठी प्रश्न : आज माझ्यावर संकट आलं, तर माझी कोणती सवय मला देवापुढे नेईल?

प्रार्थना : हे प्रेमळ पित्या, तुझी कृपा आम्हांला फुकट मिळाली म्हणून तुझे आभार मानतो. तिला हलकं समजू नये अशी बुद्धी दे. ज्यांना प्रार्थना करवत नाही, जे आज शोकात आहेत, त्यांना तूच धरून ठेव. उद्या पहाटे आम्हांला उठव, आणि तुझ्यापुढे बसायला शिकव. येशूच्या नावाने मागतो, आमेन.