घटक ४ : पाणथळ जागा आणि पूरमैदाने – शब्द, भूमी आणि संवर्धन

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• पाणथळ जागा आणि पूरमैदान या संकल्पना स्पष्ट करता येतील.
• नदीकाठच्या भूमीशी निगडित मराठी शब्दांतून व्यक्त होणारे अनुभवजन्य ज्ञान ओळखता येईल.
• कायद्याच्या आणि प्रशासनाच्या परिभाषेचा भूमीच्या संरक्षणावर होणारा परिणाम सांगता येईल.
• पुराविषयीच्या आपल्या नेहमीच्या वाक्यरचनेचे चिकित्सक विश्लेषण करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, भाषा केवळ जगाचे वर्णन करीत नाही. कोणत्या वस्तूला मोल आहे आणि कोणती टाकाऊ आहे, याचा निवाडाही ती नकळत करीत असते. या घटकात आपण हा विचार पाणथळ जागा आणि पूरमैदाने यांच्या संदर्भात तपासणार आहोत. त्यासाठी अहिल्यानगर जिल्ह्यातील, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यातील, सीना आणि गोदावरी या दोन नद्यांची उदाहरणे घेऊ.

अहिल्यानगर शहरालगत, मनमाड रस्त्यावर, सीनेच्या काठी नागापूर वसलेले आहे. आज औद्योगिक वसाहतीमुळे ते परिचित आहे. त्याच्या नावातच आपल्या विषयाचा एक धागा सापडतो. ग्रामनामातील ‘पूर’ हा मुळात संस्कृत ‘पुर’, म्हणजे वस्ती, नगर. मराठीच्या लेखननियमांनुसार ग्रामनामास जोडताना तो दीर्घ लिहितात : सोलापूर, तारापूर, नागापूर. नदीला येणारा ‘पूर’ मात्र ‘भरणे’ या अर्थाच्या धातूपासून आलेला वेगळा शब्द आहे. व्युत्पत्ती भिन्न, पण मराठीत रूप एकच. वस्ती आणि पूर यांना एकाच काठावर नांदावे लागते, ही वस्तुस्थिती या योगायोगाने चांगली लक्षात राहते.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ पाणथळ जागा आणि पूरमैदान म्हणजे काय?

ज्या भूमीवर वर्षभर किंवा वर्षाचा काही काळ उथळ पाणी असते आणि त्या पाण्यामुळे जिची माती, वनस्पती व प्राणिजीवन घडते, ती पाणथळ जागा होय. इराणमधील रामसर येथे २ फेब्रुवारी १९७१ रोजी झालेल्या आंतरराष्ट्रीय कराराने ही व्याख्या बरीच व्यापक ठेवली : नैसर्गिक वा मानवनिर्मित, कायम वा हंगामी, साचलेले वा वाहते, गोडे वा खारे अशा सर्व प्रकारच्या पाण्याचा तीत समावेश होतो. भारत १९८२ मध्ये या करारात सहभागी झाला.

पूरमैदान म्हणजे नदीच्या दोन्ही बाजूंचा तो सपाट पट्टा, जो नदीने स्वतःच्या गाळाने घडविलेला असतो आणि मोठ्या पुरात ती पुन्हा व्यापते. पात्रात वेगाने धावणारे पाणी या पट्ट्यावर पसरते. पसरल्याने त्याचा वेग मंदावतो. वेग मंदावल्याने गाळ खाली बसतो, पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या गावांना पुराचा तडाखा कमी बसतो. सीनेसारख्या पर्जन्यछायेतील हंगामी नदीला याचे विशेष महत्त्व आहे. वर्षातील बहुतेक काळ तिचे पात्र कोरडे किंवा क्षीण असते. पावसाळ्यातील थोड्या दिवसांत पसरून मुरलेले पाणीच पुढे काठच्या विहिरींना आधार देते.

४.३.२ काठाची शब्दसंपदा

नदीकाठच्या समाजाने हे सारे निरीक्षण शब्दांत साठवून ठेवले आहे. काही शब्द पाहू.

‘पाणी’ समासात येताना ‘पाण-’ असे रूप घेते : पाणवठा, पाणकोंबडी, पाणकावळा, पाणकणीस. ‘पाणथळ’ याच कुळातला शब्द असून त्याच्या उत्तरपदात ‘स्थल’ आहे. पाणी आणि स्थल ही एरवी विरुद्ध मानली जाणारी दोन तत्त्वे या शब्दात एकत्र नांदतात. पाणथळ जागेचे शास्त्रीय वैशिष्ट्यही नेमके हेच आहे.

‘मळई’ म्हणजे नदीने आणून टाकलेल्या गाळाची सुपीक जमीन. ‘लवण’ म्हणजे जमीन जेथे लवते, वाकते, तो पाणी साठणारा सखल भाग. ‘डोह’ म्हणजे पात्रातील खोल जागा; उन्हाळ्यात नदी आटली तरी मासे तेथे तग धरतात. ‘उतार’ म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी उथळ जागा. ‘वाळवंट’ हा शब्द आज आपण राजस्थानच्या संदर्भात वापरतो. परंतु चंद्रभागेच्या वाळवंटात जमणाऱ्या वारकऱ्यासाठी तो नदीच्या वाळूचा विस्तार आहे. ती वाळू पाणी धरून ठेवते, हे उन्हाळ्यात पात्रात झरा खोदून पाणी भरणाऱ्यांना पुस्तकाशिवाय ठाऊक होते.

‘थडी’ या शब्दाकडे विशेष लक्ष द्यावे. ऐलथडी, पैलथडी, दुथडी भरून वाहणे हे प्रयोग आपल्या परिचयाचे आहेत. गोदावरीकाठच्या प्रदेशाला ‘गंगथडी’ आणि भीमेकाठच्या प्रदेशाला ‘भीमथडी’ म्हणत. भीमथडीची तट्टे तर प्रसिद्धच होती. येथे थडी ही केवळ कड उरत नाही, ती रुंदी असलेला प्रदेश होते. नदी कोठे संपते आणि जमीन कोठे सुरू होते, याचे उत्तर या शब्दात एका रेषेने दिलेले नाही. मधला पट्टा दोघांचा आहे, ही जाणीव त्यात आहे.

लव्हाळ्याचेही असेच. संत तुकारामांच्या अभंगातील लव्हाळ्याचा दृष्टांत आपण नम्रतेचा उपदेश म्हणून शिकतो. पण त्यामागे काठावरचे अचूक निरीक्षणही आहे : लवचीक देठ पुराला वाट देतात आणि जमिनीखाली पसरलेले जाळे माती धरून ठेवते. काठ सफाईच्या नावाखाली उघडा केला की हा आधार नाहीसा होतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – १
एका वाक्यात उत्तरे द्या.
(अ) ग्रामनामातील ‘पूर’ आणि नदीचा ‘पूर’ यांत कोणता भेद आहे?
(आ) पूरमैदानावर पाणी पसरल्याने कोणते परिणाम होतात?

४.३.३ जायकवाडी : गाळपेर आणि पक्षी

जिल्ह्याच्या पूर्वेस पैठण येथे गोदावरीवर बांधलेले जायकवाडी धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले. त्याचा नाथसागर शेवगाव आणि नेवासे तालुक्यांपर्यंत पसरतो. सपाट प्रदेशातील हा जलाशय विस्तीर्ण पण उथळ आहे. त्यामुळे पाणी थोडे उतरले तरी मोठा किनारा उघडा पडतो आणि ओला गाळ, उथळ पाणी व पाणवनस्पती यांचा पाणथळ पट्टा तयार होतो. रोहित अर्थात फ्लेमिंगो, पट्टकादंब, चक्रवाक हे पक्षी येथे येतात. १९८६ मध्ये या क्षेत्राला पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला.

याच उघड्या पडणाऱ्या जमिनीला मराठीत ‘गाळपेर’ म्हणतात. गाळात पेरायची ती गाळपेर. धरणात जमीन गेलेल्या कुटुंबांना या जमिनीचा आधार वाटतो, आणि तो निष्कारण नाही. परंतु जो गाळ शेतकऱ्याला पेरणीसाठी हवा, तोच पक्ष्यांना चरण्यासाठी हवा असतो. शिवाय तेथे वापरलेली खते आणि कीटकनाशके पाणी चढताच थेट जलाशयात उतरतात. तेव्हा ‘शेतकरी विरुद्ध पक्षी’ अशी मांडणी सोपी असली तरी अपुरी आहे. विस्थापितांचा न्याय आणि पाणथळ जागेचे आरोग्य हे दोन्ही प्रश्न एकत्र सोडविल्याशिवाय संवर्धन टिकत नाही.

गोदावरीच्या वरच्या अंगास, नाशिक जिल्ह्यात, कादवा-गोदावरी संगमावरील नांदूर मध्यमेश्वर बंधाऱ्याची कथा याला पूरक आहे. सिंचनासाठी बांधलेल्या या बंधाऱ्यात गाळ साठून उथळ पाणथळ तयार झाले. अभियंत्याच्या भाषेत हा साठवणक्षमतेचा ऱ्हास, पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी मात्र या जागेला महाराष्ट्राचे भरतपूर म्हटले. २०१९ मध्ये ते महाराष्ट्रातील पहिले रामसर स्थळ ठरले. त्यानंतर लोणार सरोवर (२०२०) आणि ठाणे खाडी (२०२२) यांचा समावेश झाला. गाळ तोच, त्याला काय म्हणायचे, यावर त्याचे भवितव्य ठरले.

४.३.४ परिभाषा आणि संरक्षण

लोकभाषेतील शब्दांच्या जोडीला कायद्याचे आणि दप्तराचे शब्द असतात. निर्णय बहुधा त्यांच्या आधारे होतात.

(१) पोटखराब : सातबारा उताऱ्यावर लागवडीस अयोग्य भागाची नोंद ‘पोटखराब’ अशी होते. महसुलाच्या दृष्टीने ती योग्यच आहे. मात्र ज्या लवणात पाणी मुरते आणि ज्या दलदलीत पक्षी वीण घालतात, तिच्यावरही ‘खराब’ हा शिक्का बसला, तर ती भराव टाकून ‘सुधारणे’ हे सत्कृत्य वाटू लागते.

(२) पाणथळ : केंद्र शासनाच्या २०१७ च्या पाणथळ जागा (संवर्धन व व्यवस्थापन) नियमांनुसार पाणथळ जागेत अतिक्रमण करणे, घनकचरा टाकणे, प्रक्रिया न केलेले सांडपाणी सोडणे यांस मनाई आहे. परंतु या नियमांच्या व्याख्येतून नदीचे मुख्य पात्र, भातशेती, तसेच पिण्याच्या पाण्यासाठी आणि सिंचनासाठी मुद्दाम बांधलेले जलसाठे वगळले आहेत. म्हणजे रामसर कराराच्या व्याख्येत जे बसते, ते आपल्या नियमांच्या व्याख्येत बसेलच असे नाही. सीनेच्या पात्राला या नियमांचे कवच मिळत नाही. त्यासाठी अन्य तरतुदींचा आधार घ्यावा लागतो.

(३) पूररेषा : अशी एक तरतूद म्हणजे पूररेषा. महाराष्ट्रात सरासरी २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी निळ्या रेषेने आणि १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची पातळी लाल रेषेने दाखवितात. निळ्या रेषेच्या आतील क्षेत्र निषिद्ध मानले जाते. उद्याने, क्रीडांगणे, हलकी पिके असे मोकळे उपयोगच तेथे अपेक्षित असतात. दोन रेषांमधील क्षेत्र नियंत्रित असते.

येथे भाषेमुळे एक गंभीर गैरसमज होतो. ‘शंभर वर्षांतून एकदा’ हे ऐकताच एक पूर येऊन गेल्यावर आपण शंभर वर्षे निर्धास्त झालो, असे वाटते. वास्तविक हे संभाव्यतेचे विधान आहे. असा पूर कोणत्याही एका वर्षी येण्याची शक्यता एक टक्का असते. त्या रेषेवरील घरात एखादे कुटुंब ३० वर्षे राहिले, तर त्या काळात एकदा तरी असा पूर येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के भरते. निळ्या रेषेबाबत २५ वर्षांत हीच शक्यता सुमारे ६४ टक्के होते. म्हणून हा शब्दप्रयोग वापरताना त्याचा अर्थ उलगडून सांगणे आवश्यक आहे.

४.३.५ पाणी कोठे शिरले?

आता एका नेहमीच्या वाक्याचे विश्लेषण करू : ‘पुराचे पाणी घरांत शिरले.’ व्याकरणदृष्ट्या येथे ‘पाणी’ कर्ता आहे, आणि ‘शिरणे’ या क्रियापदाला परवानगीविना आत येण्याची छटा आहे. चोर शिरतो, साप शिरतो, तसे पाणी शिरले. घरे मात्र ‘घरांत’ या सप्तम्यन्त रूपामुळे स्थिर, निष्क्रिय अधिकरण ठरतात. आता हे वाक्य पाहा : ‘घरे नदीच्या पूरपट्ट्यात बांधली गेली होती.’ घटना तीच, पण आता प्रश्न विचारता येतो : कोणी बांधली? कोणी परवानगी दिली? आणि दुसरी जागा परवडत नव्हती म्हणून तेथे कोणाला राहावे लागले?

हा शेवटचा प्रश्न विसरता कामा नये. सीनेच्या पात्रातील अतिक्रमणे हा अहिल्यानगर शहरातील जुना चर्चाविषय आहे. ‘अतिक्रमण’ या एकाच शब्दात नाईलाजाने उभारलेली झोपडी आणि नफ्यासाठी टाकलेला भराव अशा दोन्ही गोष्टी मावतात. न्याय्य धोरणाला मात्र त्यांत भेद करावाच लागतो. तसेच एका ठिकाणी पात्र अरुंद झाले की त्याचा परिणाम तेवढ्यापुरता राहत नाही. सीना पुढे धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांच्या भागांतून जाऊन भीमेस मिळते. सप्टेंबर २०२५ मध्ये तिला आलेल्या महापुराने माढा आणि मोहोळ तालुक्यांतील अनेक गावांना वेढले. अतिवृष्टी कोणी थांबवू शकत नाही. परंतु पाण्याला पसरण्यासाठी वाटेत किती मोकळी थडी राखायची, हा माणसाचा निर्णय असतो.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न – २
योग्य की अयोग्य ते लिहा.
(अ) २०१७ च्या नियमांनुसार नदीचे मुख्य पात्र पाणथळ जागेच्या व्याख्येत येते.
(आ) १०० वर्षांच्या पुराची शक्यता दरवर्षी एक टक्का असते.

४.४ सारांश

पाणथळ जागा आणि पूरमैदाने पाणी धरतात, मुरवतात, पुराचा वेग कमी करतात आणि जीवसृष्टीला आश्रय देतात. मळई, लवण, डोह, गाळपेर, थडी या शब्दांत हे ज्ञान साठलेले आहे. पोटखराब, पाणथळ, पूररेषा, अतिक्रमण या प्रशासकीय संज्ञांमुळे काही जागांना संरक्षण मिळते, तर काही त्याबाहेर राहतात. केवळ जुने शब्द जपल्याने नदी वाचणार नाही. परंतु थडीला नावच उरले नाही, तर तिच्या बाजूने बोलणे कठीण होते. संवर्धनाच्या कार्यात भाषेच्या अभ्यासकाचा वाटा येथे आहे.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

प्रश्न १ : (अ) पहिला ‘वस्ती’ या अर्थाच्या संस्कृत ‘पुर’पासून, तर दुसरा ‘भरणे’ या अर्थाच्या धातूपासून आला आहे. (आ) पाण्याचा वेग मंदावतो, गाळ बसतो, पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या गावांवरील पुराचा ताण कमी होतो.
प्रश्न २ : (अ) अयोग्य. (आ) योग्य.

४.६ सरावासाठी स्वाध्याय

१. ‘थडी’ आणि ‘पूररेषा’ या दोन संज्ञांमागील दृष्टिकोनांची तुलना करा.
२. जायकवाडी परिसरातील गाळपेर जमिनीच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजू मांडून आपले मत लिहा.
३. पुराविषयीच्या वृत्तपत्रातील कोणत्याही पाच वाक्यांतील कर्ता आणि क्रियापद यांचे विश्लेषण करा.

४.७ क्षेत्रीय कार्य

आपल्या गावाजवळील नदी, ओढा किंवा तळे यांच्या काठच्या भूमीसाठी वापरले जाणारे किमान दहा शब्द वडीलधाऱ्यांना विचारून नोंदवा. प्रत्येक शब्दापुढे अर्थ, तो शब्द वापरणाऱ्याचा व्यवसाय आणि त्या जागेची आजची स्थिती लिहा. ज्या शब्दाची जागा आता उरलेली नाही, त्यापुढे खूण करा आणि तेथे आज काय आहे, याची नोंद करा.