मॅडमना 'खंबीर' म्हणून मोकळी होऊ नकोस

अगं, तुझा भलामोठा मेसेज वाचला. गाईड मॅडम कृष्णवर्णीय, अख्ख्या विभागात त्या एकट्याच. फळ्यापाशी उभ्या असताना एका मुलाने त्यांनाच विचारलं, 'प्रोफेसर कधी येणार?' ते ऐकून तुझ्या पोटात कालवलं, आणि वर म्हणतेस, 'ताई, मी व्हिसावर आलेली पोरगी, मी काय करणार?' आधी चहा ठेव बघू. करण्यासारखं बरंच आहे, आणि तुला जमेल असंच आहे.

मॅडम एकट्या आहेत हा काही योगायोग नाही गं. अमेरिकेत प्राध्यापकपदाच्या सगळ्यात वरच्या पायरीवर कृष्णवर्णीय बायका शंभरात जेमतेम दोन. शिकल्या नाहीत म्हणावं, तर १९२१ सालीच तिघींनी पीएचडी मिळवली होती. ॲना ज्युलिया कूपर तर गुलामगिरीत जन्मलेली. नातलगांची पाच पोरकी मुलं वाढवत, शाळेत शिकवत तिने पॅरिसच्या सोर्बोनची डॉक्टरेट घेतली, १९२५ मध्ये, साठी उलटल्यावर. आणि मी? चार पोळ्या जास्त लाटाव्या लागल्या तरी घर डोक्यावर घेते.

पण बघ, हे कौतुक मॅडमपुढे पाजळू नकोस. 'तुम्ही किती खंबीर' हे ऐकून त्यांचे कान किटले असतील. बाई खंबीर म्हटली की आणखी एक समिती तिच्या गळ्यात, आणखी एक रडवेला विद्यार्थी तिच्याच दारात. बढतीच्या वेळी मात्र हे कुणी धरत नाही. असा ताण वर्षानुवर्षं सोसून कृष्णवर्णीय बायकांचं शरीर वेळेआधीच झिजतं, असं आर्लीन जेरोनिमस या संशोधिकेने १९९२ मध्येच मांडलं होतं. तेव्हा मॅडम एखाद्या कामाला 'नाही' म्हणाल्या, तर गाल फुगवून बसू नकोस.

निकोल हॅना-जोन्सचं तर तू ऐकलंच असशील. पुलित्झर मिळालेली पत्रकार, तरी २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाच्या विश्वस्तांनी तिची कायमची नेमणूक लटकवून ठेवली. बोभाटा झाल्यावर दिली, तर बाईने ती नाकारली आणि सरळ हॉवर्ड विद्यापीठ गाठलं. मला फार आवडलं ते! दात-ओठ खात त्याच खुर्चीवर बसून राहायला हवं, असं कुणी सांगितलंय?

आता तुझं काम. मीटिंगची टिपणं तूच काढतेस ना? मग मॅडमचा मुद्दा दुसऱ्याने आपला म्हणून मांडला, तर टिपणात नाव मॅडमचंच लिही. धीर झाला तर तिथेच म्हण, 'हे मॅडम आत्ताच म्हणाल्या.' आवाज थरथरला तर थरथरू दे. आणि प्रबंधाची संदर्भसूची एकदा नीट चाळ, त्यात कृष्णवर्णीय बायका किती आहेत ते मोज. क्रिस्टन स्मिथ नावाच्या मानववंशशास्त्रज्ञ बाईंच्या पुस्तकातला मजकूर कुणीतरी एका परिषदेत त्यांचं नावही न घेता वापरला. बाईंनी सरळ 'साइट ब्लॅक विमेन', म्हणजे 'कृष्णवर्णीय बायकांचा संदर्भ द्या', असे टी-शर्ट छापले! ती २०१७ ची गोष्ट, पुढे त्याची चळवळच झाली.

मॅडमना त्यांच्या जखमा उघडून दाखवायला मात्र लावू नकोस. तुला समजून घ्यायचंय ना, मग लायब्ररी आहे की. आणि खरं सांगू का, मावशीने फोनवर 'त्या काळ्या लोकांपासून जपून राहा हं' म्हटलं, की तू 'हो हो' करून फोन ठेवतेस. तिथे बोल. सून गोरीच हवी म्हणणाऱ्या घरातल्या आपण, आपल्याला हा विषय नवा थोडाच आहे?

सेमिस्टर संपलं की त्यांना जेवायला बोलाव. वरणभात, बटाट्याची भाजी, बस्स. काय चालतं, काय नाही, ते आधी विचार. आणि फोडणी घालण्याआधी खिडकी उघड गं बाई, माझ्या फोडणीने अलार्म वाजला होता तेव्हा अख्खी बिल्डिंग बर्फात उभी होती. जेवण झाल्यावर त्या भांडी घासायला उठल्या, तर हातातून काढून घे.