संयुक्त नेटवर्क कार्डांतील घटकांची ओळख

सर्व्हर म्हणजे इतर अनेक संगणकांना माहिती पुरविणारा संगणक होय. त्याला नेटवर्कशी जोडणारी एकुलती एक तार निकामी झाली, तर त्यावर विसंबलेल्या सर्वांचेच काम थांबते. म्हणून त्याला दोन किंवा अधिक कार्डे बसवितात आणि लिनक्स प्रणालीतील ‘बाँडिंग’ या योजनेने ती एकत्र बांधतात. अशा समूहास बहुधा ‘बाँड-0’ असे नाव असते. तिच्या एका प्रकारात एक कार्ड काम करते व दुसरे राखीव राहते. पहिल्याचा संपर्क तुटताच राखीव कार्ड त्याची जागा घेते.

ही सोय दुरुस्तीच्या वेळी मात्र फसवी ठरते. एक तार निकामी झाल्याचे कळल्यावर तंत्रज्ञ यंत्रामागे जातो, तो तेथे दोन सारख्याच तारा! त्यांतील चांगली तार चुकून उपटली, तर जे टाळण्यासाठी एवढा खटाटोप केला तेच घडते.

संगणकाला विचारावे, तर तेथेही अडचण आहे. प्रत्येक कार्डास कारखान्यातच 48 बिटांचा एक पत्ता मिळालेला असतो. तो षोडशमान पद्धतीच्या 12 अंकांनी लिहितात. परंतु काही अपवाद सोडल्यास बाँडमधील सर्व कार्डे एकच पत्ता धारण करतात, आणि तो बहुधा पहिल्या कार्डाचा असतो. दोन हमालांनी एकाच क्रमांकाचा बिल्ला लावावा, तसाच हा प्रकार. त्यामुळे ‘आयएफकॉन्फिग’ या जुन्या आज्ञेने दोन्ही कार्डांचा पत्ता सारखाच दिसतो.

मूळ पत्ता मात्र पुसला जात नाही. ‘प्रॉक’ या कप्प्यात ‘नेट’, त्यात ‘बाँडिंग’ आणि त्यात बाँडच्या नावाची फाइल असते. प्रत्येक घटकाचे नाव, संपर्काची स्थिती, वेग, संपर्क किती वेळा तुटला ती संख्या आणि कायमचा पत्ता तीत नोंदलेला असतो. सध्या कोणते कार्ड कार्यरत आहे, हेही तेथेच कळते. (घटकास तेथे ‘स्लेव्ह’, म्हणजे गुलाम, म्हटलेले आढळेल, मराठीत तो शब्द आणण्याचे काही कारण नाही.)

आता नाव कळले. पण ते कार्ड यंत्राच्या पाठीवर नेमके कोठे आहे? ‘इथटूल’ या आज्ञेला इंग्रजी लहान लिपीतील ‘पी’ हे अक्षर, कार्डाचे नाव व सेकंदांची संख्या जोडून दिली, की त्या कार्डाचा दिवा तेवढा वेळ लुकलुकतो. तार निकामी असली तरी कार्ड शाबूत असल्यास हे सामान्यतः साधते. काही कार्डांत मात्र ही सोय नसते. तेच अक्षर मोठ्या लिपीत लिहिल्यास दिव्याऐवजी कायमचा पत्ता मिळतो.

दिवा लुकलुकत असतानाच तारेच्या दोन्ही टोकांना चिठ्ठी लावून घ्यावी. तीवर कार्डाच्या नावाबरोबर कायमचा पत्ताही लिहावा. कारण जुन्या प्रणालींत यंत्र पुन्हा सुरू केल्यावर कार्डांच्या नावांची अदलाबदल होऊ शकते.