श्वास सोडावयास शिकूया



हिब्रूत श्वासाला 'नेशिमा' म्हणतात आणि आत्म्याला 'नेशामा'. दोन्ही शब्द एकाच धातूपासून आलेले. आपल्या मराठीतही जीव घुसमटतो, सुटकेचा सुस्कारा टाकला जातो, आणि घाईत असलेल्याला आपण 'जरा दम खा' म्हणतो. मनाचे व श्वासाचे नाते आपल्या दोन्ही भाषांना ठाऊक आहे. त्याचा उपयोग कसा करावा हे मात्र मला एका चुकीतून कळले. ती चूक आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी अलिबागेस गेलो असता जुन्या शेजाऱ्यांचा मुलगा भेटला. सौदी अरबस्तानात रियाध शहराच्या आग्नेयेस अल सुलै नावाचा गुदामांचा भाग आहे, तेथे तो नोकरीस. वडील वारले तेव्हा त्याला सुट्टी मिळाली नाही, मातीला पोचता आले नाही. आला तो चार महिन्यांनी. मला म्हणाला, "काका, रात्री दचकून जाग येते. छाती धडधडते, हवा पुरत नाही असे वाटते. डॉक्टर म्हणतात हृदय ठीक आहे."

मी मोठ्या शहाणपणाने त्याला पडवीत बसविले आणि म्हटले, "जोरजोराने खोल श्वास घे." पाच मिनिटांत त्याला घेरी आली, बोटांना मुंग्या आल्या, धडधड दुप्पट झाली. बिचारा घाबरला, आणि मीही.

झाले काय, ते पुढे वाचनात आले. भराभर खोल श्वास घेतल्याने रक्तातील कार्बन डायऑक्साइड गरजेपेक्षा कमी होतो. त्यामुळे मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात व चक्कर येते. भेदरलेला माणूस आधीच असा श्वास घेत असतो, आणि मी त्यात भरच घातली! हवा कमी पडते असे त्याला वाटत होते, पण खरे तर तो ती जास्तच घेत होता.

आपल्या महाराष्ट्रात या विषयाचा अभ्यास जुना आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि योगक्रिया प्रयोगशाळेत तपासावयास घेतल्या. त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे त्रैमासिक काढले. प्राणायामाचा लाभ म्हणजे जास्त प्राणवायू, ही लोकप्रिय समजूत त्यांनी मान्य केली नाही. श्वास आत घेणे म्हणजे पूरक, सोडणे म्हणजे रेचक. पूरकाच्या दुप्पट वेळ रेचकाला द्यावा, असे प्रमाण त्या परंपरेत शिकवितात. मला कळावयाचे होते ते एवढेच, आणि ते लोणावळ्यास, म्हणजे आमच्या पूर्वीच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्याच्या वेशीवरच, कधीचे लिहून ठेवलेले होते.

यामागे शरीराचा साधा नियम आहे. श्वास आत जाताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात, बाहेर जाताना मंदावतात. नाडीवर बोट ठेवून पाहा, पुष्कळांना हा फरक जाणवतो. म्हणून उच्छ्वास लांबविला की शरीराला विसाव्याची खूण मिळते. २००१ साली इटलीतील संशोधकांना असे आढळले की जपमाळेची लॅटिन प्रार्थना काय किंवा मंत्र काय, म्हणताना श्वास मिनिटाला सुमारे सहावर येतो. एरवी तो बारा ते वीस असतो. अमेरिकेत स्टॅनफर्ड येथील २०२३ च्या अभ्यासात लांब सुस्कारे टाकण्याचा पाच मिनिटांचा रोजचा सराव महिनाभर करणाऱ्यांची मनःस्थिती चांगलीच सुधारली.

आता कृती. पाठ टेकून बसा किंवा उताणे पडा. एक हात पोटावर ठेवा. तोंड मिटून नाकाने श्वास घ्या, मनात चार अंक मोजा. पोट हाताला वर आलेले कळले पाहिजे. मग सहा अंक मोजत नाकानेच सोडा. श्वास ओढू नका, ढकलू नका. सहा जमत नसतील तर तीन आणि चार मोजा. पाच मिनिटे पुरे. रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी श्वास रोखून धरू नये, आणि कपालभाती, भस्त्रिका पुस्तकात पाहून करू नये. चक्कर आली तर सोडून द्या, नेहमीसारखा श्वास चालू द्या.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. श्वासाने दुःख नाहीसे होते असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. दुसऱ्या दिवशी त्या मुलाला मी ही रीत दाखविली तेव्हा चौथ्या-पाचव्या मिनिटाला तो ढसाढसा रडू लागला. बापासाठी तो तोवर रडलाच नव्हता. मी काही बोललो नाही. त्याची आई आतून पाणी घेऊन आली आणि त्याच्याजवळ बसून राहिली. ज्यांची झोप आठवडेच्या आठवडे उडाली आहे, ज्यांच्या मनात जीव देण्याचे विचार येतात, त्यांनी मात्र वेळ न दवडता डॉक्टरांकडे जावे.

सौदी सरकारने २०१७ साली योगशिक्षणाला क्रीडाप्रकार म्हणून मान्यता दिली, आणि तेथील योगशिक्षिका नौफ मरवाई यांना २०१८ साली भारताची पद्मश्री मिळाली. आमच्या मुलाला मात्र वर्गाला जाण्याची सवड नाही. त्याच्या बहिणीने कळविले की तो खोलीतच, बाकीचे झोपल्यावर, गादीवर पडून अंक मोजतो. धूळ उडते त्या दिवशी खिडकी बंद ठेवतो. जाग अजून अधूनमधून येते, पण आता तो उठून दिवा लावीत नाही.